बाबांच्या दुकानातला विंडोज १० चा लॅपटॉप खरंच भंगारात काढायचा का?

सायली_बार्शी

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय पण मदत पाहिजे. माझे बाबा बार्शीला तहसील कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान चालवतात, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार, सातबाऱ्याच्या प्रिंटा वगैरे. त्यांच्याकडे २०१६ सालचा लॅपटॉप आहे, मीच पहिल्या पगारातून घेऊन दिलेला. आय३, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. आता काही दिवसांपासून स्क्रीनभर नोटीस येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला, बाबा एवढे घाबरले की रात्री फोन करून विचारलं "उद्या चालू होईल ना गं?"

गावातल्या एका दुकानदाराला दाखवला तर तो म्हणाला यात ११ बसत नाही, हे आता भंगार, मी हजार रुपयाला ठेवून घेतो, नवीन ४२ हजाराचा घ्या. बाबा तयार पण झाले होते, मीच थांबवलं. तसाही तो खूप स्लो झालाय, सकाळी चालू केला की दहा-बारा मिनिटं हात लावता येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि बाबा कानकोंडे होतात. पण ४२ हजार म्हणजे त्यांच्या दुकानाची कितीतरी महिन्यांची कमाई आहे हो, मी इथं पुण्यात भाडं भरून एवढे एकदम काढू शकत नाही.

तर खरंच बंद पडणार का? ११ बसतच नाही का? आणि काही न करता तसाच वापरला तर काय बिघडतं? मला यातलं फार कळत नाही, सोप्या भाषेत सांगा प्लीज.

मकरंद_ना

सायलीताई, सगळ्यात आधी, तो लॅपटॉप हजार रुपयाला देऊ नका. पैशाचं सोडा, त्या हार्डडिस्कमध्ये काय काय असेल विचार करा, दहा वर्षं लोकांनी दिलेली आधारकार्डं, पॅनकार्डं, सातबारे, बँक पासबुकाचे स्कॅन, सगळं डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेलं असणार. डिलीट केलं तरी ते परत काढता येतं, साधं झटपट फॉरमॅट मारलं तरी येतं. बार्शीतल्या निम्म्या गल्लीचे कागद तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात द्याल. पुढेमागे कधी मशीन विकलंच तर डिस्क काढून घरी ठेवायची, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

आता मुद्द्याचं. तुमचे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दुकानदाराने ते एकात घालून तुम्हाला घाबरवलंय. एक, सपोर्ट संपला. दोन, मशीन स्लो आहे. पहिल्याचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

सपोर्टचं असं आहे की विंडोज १० आलं २०१५ च्या जुलैमध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचे मोफत सिक्युरिटी अपडेट थांबवले. मशीन बंद पडत नाही, प्रिंटर चालतो, क्रोम चालतो. फक्त त्या तारखेनंतर विंडोजमध्ये जी नवीन भोकं सापडतील ती बुजवली जाणार नाहीत. डिफेंडर अँटीव्हायरसला नवीन व्हायरसची ओळख २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत मिळत राहणारे, पण तो म्हणजे दारावरचा वॉचमन, मागची भिंत पडली असेल तर तो काही बांधून देत नाही. आणि तुमच्या बाबांच्या दुकानात तर दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागत असणार, म्हणजे घरात पडून असलेल्या लॅपटॉपपेक्षा धोका कितीतरी जास्त. २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय नावाचा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये आलेलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाचा तसलाच व्हायरस आला, त्यात आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं, न्हावाशेव्याला कंटेनर अडकून पडले होते. त्यामुळे "काही होत नाही, वापरा तसंच" असं मी तरी सांगणार नाही.

पण यावर सोय आहे. वाढीव सिक्युरिटी अपडेटची एक स्कीम आहे, ईएसयू म्हणतात, घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. तीन मार्ग आहेत, ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक चालू करा, यात एक रुपया लागत नाही. तिसरा घ्या. उशीर झाला असं काही नाही, मुदत संपेपर्यंत कधीही नाव नोंदवता येतं आणि मधले अपडेट पण मिळतात.

११ बद्दल दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची चिप लागते. २०१६ चा आय३ म्हणजे पाचवी नाहीतर सहावी पिढी. नंबर बघा, आय३-५००५यू असं काही असेल तर पहिला ५ म्हणजे पाचवी.

स्लो का आहे ते मी पैजेवर सांगतो, हार्डडिस्क. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या खाली १०० टक्के दिसतंय का बघा. आणि रनमध्ये विनव्हर टाईप करून कुठलं व्हर्जन आहे ते इथं लिहा, मग पुढचं सांगतो.

कोल्हापूरचा_राजू

विंडोजचा नादच सोडा की ताई. त्याच्या जागी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका, त्यातलं हलकं एक्सएफसीई वालं, ४ जीबीत मस्त पळतंय, फुकट आहे, २२ चं व्हर्जन घेतलं तर २०२९ पर्यंत अपडेट येत राहतंय, अकाउंट नको काही नको. मी घरचे दोन जुने डबे असेच जिवंत केलेत, एकावर पोरगी अभ्यास करती, दुसऱ्यावर आई भजनं ऐकती आणि व्हिडिओ कॉल करती. वर्डसारखं लिब्रेऑफिस येतंय त्यात, मराठी युनिकोड टायपिंग येतंय, इनस्क्रिप्ट कीबोर्ड पण आहे. पेनड्राइव्हवरनं इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतंय, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढायचा, विंडोज जागच्या जागी. एकदा बघा तरी.

प्रगती७७

राजूदादा, मिंट चांगलं आहे, मी स्वतः घरी वापरते, पण इथं नको. मी बावीस वर्षं डीटीपी करतेय म्हणून सांगते. सायली, तुझे बाबा टाईप कशात करतात हे आधी विचार. तहसीलसमोरचं जुनं दुकान म्हणजे नव्वद टक्के श्रीलिपी नाहीतर आयएसएम हे मराठी टायपिंगचे जुने प्रोग्रॅम, आणि कीबोर्ड टाइपरायटरचा. त्या पिढीने मराठी टायपिंगच्या, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा मशीनवर दिल्यात, बोटं त्या जागांवर बसलेली असतात, बघायची पण गरज पडत नाही. त्यांना साठीत इनस्क्रिप्ट शिका सांगणं म्हणजे परत बाराखडी गिरवायला लावणं आहे, आणि तोवर दुकान कोण चालवणार? हे प्रोग्रॅम विंडोजचे आहेत, लिनक्सवर कसरत करून चालवता येतील कदाचित पण उद्या अडलं तर बार्शीत कोणाला बोलावणार, तू पुण्यात. वर काही सरकारी पोर्टलच्या डिजिटल सहीचे टोकन, अंगठ्याची मशीन यांचे ड्रायव्हर पण बहुतेक विंडोजसाठीच असतात.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. विंडोज नवीन टाकायच्या आधी फॉन्ट जपून ठेव!! जुन्या श्रीलिपीतल्या फायली युनिकोड नसतात. त्यात 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेलंच नसतं, इंग्रजीतल्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागेवर त्या फॉन्टने 'क' चं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडते पण सगळं रोमन अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं दिसतं. मी एकदा एका वकिलांचं मशीन फॉरमॅट झाल्यावर त्यांच्या पंधरा वर्षांच्या फायली अशा बघितल्यात, ते गृहस्थ खुर्चीत बसून राहिले नुसते. फॉन्ट परत मिळाला म्हणून वाचलं सगळं. तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधलं फॉन्ट्स फोल्डर आख्खं कॉपी करून घे, प्रोग्रॅमची सीडी, डोंगल (प्रोग्रॅम चालवायला लावायची किल्लीसारखी पिन), लायसन्सचा कागद जे असेल ते शोधून एका पिशवीत ठेव, मग बाकीचं.

सायली_बार्शी

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत, खरंच धन्यवाद. रविवारी बार्शीला जाऊन आले. प्रगतीताई तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, श्रीलिपीच आहे आणि टाइपरायटरचाच कीबोर्ड, बाबा मराठी ४० पास आहेत आणि ते सर्टिफिकेट दुकानात फ्रेम करून लावलंय.

मकरंददादा, डिस्क १०० टक्के दाखवतंय, काहीच उघडलेलं नसताना पण. प्रोसेसर आय३-५००५यू च निघाला. विनव्हरमध्ये व्हर्जन १९०९ आलं. बाबांनी अपडेट कायम पुढं ढकलून ठेवलेत कारण दुकानातलं नेट मोबाईलवरचं आहे, डेटा संपतो म्हणून. सेटिंग्जमध्ये ते नाव नोंदवायचं बटण मला कुठेच दिसलं नाही. आणि एका बातमीत वाचलं की बॅकअप वगैरे काही न करता सगळ्यांना फुकट आहे, ते कसं?

अनिकेत_स्टुटगार्ट

ती बातमी युरोपातली असणार. मी जर्मनीत राहतो, इथे ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर युरोपियन इकॉनॉमिक एरियातल्या देशांपुरती ती बॅकअपची अट काढली, तरी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच आणि ६० दिवसांत एकदा तरी लॉगिन राहावं लागतं. भारतात सेटिंग्ज सिंक करावंच लागेल. पण घाबरू नका, त्यात फक्त सेटिंग्ज जातात, बाबांच्या फायली वर पाठवायची सक्ती नाही. तिथेच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्सचा पण बॅकअप घेऊ का असं विचारेल, ते बंद ठेवा, कारण वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबीच आहे, ती दोन दिवसांत भरेल आणि मग रोज नवीन नोटीस. शिवाय लोकांची आधारकार्डं क्लाउडवर कशाला.

मकरंद_ना

१९०९ ना, मग बटण दिसणारच नाही. ईएसयूला २२एच२, म्हणजे विंडोज १० चं शेवटचं व्हर्जनच लागतं, म्हणजे विनव्हरमध्ये बिल्ड १९०४५ दिसायला पाहिजे. १९०९ चे घरगुती अपडेट २०२१ च्या मे मध्येच संपलेत ताई, म्हणजे गेली चार-साडेचार वर्षं ते मशीन उघडंच होतं. आधी तर या मशीनवरून कोणाचं नेटबँकिंग, वीजबिल, फॉर्मचे पैसे भरणं बंद करा, नीट होईपर्यंत मोबाईलवर करू दे.

अपडेट करत बसू नका, त्या हार्डडिस्कवर दिवस जाईल. एसएसडी घ्या, साधी अडीच इंची साटा, २४० किंवा २५६ जीबी पुरे. फरक का पडतो ते सांगतो म्हणजे बाबांना समजावता येईल. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि त्यावर सुई इकडून तिकडे जाऊन वाचते, ग्रामोफोनसारखं समजा, आणि विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली वेगवेगळ्या जागेवरून मागतं, सुईची नुसती पळापळ, सेकंदाला शंभरेक हेलपाटे झाले तरी खूप. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, तिथे हे हजारोंनी होतं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी माणसाला वाटतं मशीन बदललं. ४ जीबी रॅम अजून टाकता आली तर टाका, पण डीडीआर३एल मागा, या मशीनला डीडीआर४ बसत नाही. ही रॅम आता नवीन कमीच मिळते, जुनी चालेल, तुम्ही पुण्यात आहात तर तपकीर गल्लीत फिरा, घेताना मशीनला लावून चेक करून घ्या. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर एसएसडी आधी, रॅम नंतर.

क्रम मात्र असाच ठेवा. फायली आणि फॉन्ट बाहेरच्या डिस्कवर कॉपी, त्या कॉपीतल्या चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात का बघणं, मग जुनी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवणं, पुसायची नाही. नवीन एसएसडी बसवायची आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवून कोरं विंडोज १० टाकायचं, थेट २२एच२ च येतं. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं एवढं लक्षात ठेवा. लायसन्स परत घ्यावं लागत नाही, त्या लॅपटॉपच्या बोर्डशी जोडलेलं असतं, नेट लावलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, फक्त आत्ता विंडोज १० होम असेल तर होमच टाका. मग सगळे अपडेट, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंट, मग अपडेट अँड सिक्युरिटीमध्ये नोंदणीचं बटण येईल, लगेच नाही आलं तर एक-दोन वेळा रीस्टार्ट करून बघा. हे सगळं पुण्यात तुमच्या वायफायवर करा, दुकानातल्या मोबाईल डेटावर नको.

पाठचं झाकण उघडाल तेव्हा बॅटरी फुगलीय का बघा, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर नक्की फुगलीय. तसं असेल तर दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जर काढून आधी ती बदलून घ्यायची.

निखिल_पी

एवढा खटाटोप कशाला, रुफस नावाच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवला तर टीपीएमची अट गाळून ११ टाकता येतं, माझ्या सहाव्या पिढीच्या आय५ वर दीड वर्षं चाललंय व्यवस्थित.

मकरंद_ना

चालतं निखिल, नाही म्हणत नाही, पाचव्या पिढीवर पण चढेल. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, दरवेळी हाताने टाकावं लागतं. तुला ते जमतं, तुला आवड आहे. तिथे साठ वर्षांचा माणूस एकटा दुकानात बसलाय आणि लेक दोनशे किलोमीटरवर, त्यांना अडलं तर त्या दिवसाचा धंदा गेला. शिवाय ४ जीबीत ११ रडतं. मी स्वतःच्या वडिलांना दिलं नसतं म्हणून यांना पण सांगणार नाही.

प्रगती७७

सहमत. सायली, एक अजून, विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत टाईप केलं की मराठी उमटतं) आतच आहे, २०१९ च्या अपडेटपासून. बाबांसाठी नाही, पण दुकानात मदतीला कोणी पोरगा-पोरगी बसत असेल तर त्यांच्यासाठी चालू करून ठेव. हल्ली ऑनलाइन फॉर्ममध्ये युनिकोडच लागतं, तिथं श्रीलिपीचा जुना फॉन्ट चालत नाही.

सायली_बार्शी

झालं एकदाचं!! लॅपटॉप पुण्याला घेऊन आले होते, बाबांनी तीन दिवस दुकान बंद ठेवलं, दहा वर्षांत पहिल्यांदा. २५६ ची एसएसडी आणि ४ जीबी जुनी रॅम, दोन्ही मिळून नव्या लॅपटॉपच्या दहाव्या भागाच्या आसपास गेले. बॅटरी फुगलेली नव्हती, पण जीव नाहीच तिच्यात, चार्जर काढला की पाच मिनिटं, ते नंतर बघू. नोंदणीचं बटण दुसऱ्या रीस्टार्टनंतर आलं आणि १३ ऑक्टोबर २०२६ ची तारीख दाखवतंय. आता चालू व्हायला वीस-बावीस सेकंद लागतात, मी तीन वेळा मोजले.

श्रीलिपी डोंगल लावून नीट चढली. फॉन्टच्या बाबतीत मात्र प्रगतीताई तुम्ही नसता तर रडायची वेळ होती. फॉन्ट्स फोल्डर उघडून आतलं सगळं सिलेक्ट करून कॉपी केलं होतं, तरी २०१७ च्या काही फायली उघडल्यावर तेच चिन्हांचं कडबोळं आलं, माझ्या पोटात गोळाच आला. जुनी हार्डडिस्क पुसली नव्हती म्हणून यूएसबीने जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये घालून शोधली, तर दोन फॉन्ट बाबांनी तेव्हा डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात ठेवलेले. ते टाकले आणि ओळी सरळ झाल्या. पहिलीच फाईल उघडली ती एका आजोबांच्या वारसनोंदीचा अर्ज होता, बाबा म्हणाले हे गेले गं मागच्या वर्षी, त्यांचा मुलगा अजून कागदाला येतो माझ्याकडं.

आज सकाळी बाबांनी फोन केला, शटर उघडून अगरबत्ती लावेपर्यंत मशीन तयार होतं म्हणाले. आता एकच विचारायचंय, ऑक्टोबर २०२६ नंतर काय?

मकरंद_ना

फार छान वाटलं वाचून. ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाका, आणि आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, वापरलेला, कंपन्यांमधून निघालेला लॅपटॉप बघून ठेवा, ११ अधिकृतपणे चालतं त्यावर, कोरा घ्यायची गरज नाही. घ्यायच्या आधी बाबांचं डोंगल लावून श्रीलिपी चालते का ते तिथेच बघा. हा जुना तेव्हा नेट काढून नुसत्या टायपिंगला ठेवता येईल, किंवा राजूचं मिंट टाकून घरी आईला द्या. एसएसडी वाया जात नाही, काढून दुसरीकडे लागते.

आणि ती जुनी हार्डडिस्क केसिंगमध्येच राहू दे. दर शनिवारी दुकान बंद करताना आठवड्याच्या फायली तिच्यावर कॉपी करायच्या आणि डिस्क घरी न्यायची, लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायची नाही. फक्त दहा वर्षं फिरलेली आहे ती, तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम टाकून एकदा बघा, पिवळं दाखवलं तर नवीन घ्या.

सायली_बार्शी

बघितलं आत्ता, निळं आहे, गुड लिहिलंय. शनिवारचं बाबांना कॅलेंडरवर लिहून दिलं.